तानपुऱ्याच्या घोडीवरचा धागा नेमके काय करतो?

कोरा षड्ज

नमस्कार. हा धागा खरोखरच धाग्याविषयी आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या घरी आजेसासऱ्यांच्या वेळचा मिरजेचा तानपुरा आहे. कित्येक वर्षे तो गवसणीत गुंडाळून माळ्यावर पडून होता. मुलगा नाशिकच्या गंगापूर रोडवर गाणे शिकू लागला, तेव्हा तो खाली आला, नव्या तारा चढल्या आणि काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावून देण्यासाठी मुलाचे गुरुजी मागच्या रविवारी घरी आले. चारही तारा सुरात मिळाल्या, तरी आवाज बसकाच होता. पत्र्याच्या डब्याला बांधलेली तार छेडावी, तसा एक ठणका उठे आणि विरून जाई. मग गुरुजींनी खिशातून पांढऱ्या सुती दोऱ्याचे रीळ काढले, चार तुकडे तोडले, प्रत्येक तारेखाली एकेक तुकडा सरकवला आणि तो घोडीवर (तारा ज्यावरून जातात त्या आधारावर) केसाकेसाने मागेपुढे करत राहिले. एका ठिकाणी तार अचानक उजळली. ताण तोच, लांबी जवळपास तीच, छेडणारे बोटही तेच, आणि तरीही आवाज निराळा.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून हे मनातून जाईना. तार ज्या बिंदूपाशी छेडली, त्या बिंदूवर ज्यांचा निस्पंद (न हलणारा बिंदू) येतो ते उपस्वर (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतले वरचे स्वर) उमटत नाहीत, हे मी दरवर्षी फळ्यावर सिद्ध करून दाखवते. तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम उपस्वर गैरहजर असायला हवेत (मूळ स्वराला पहिला धरून मोजते आहे). मी खर्जाची (सर्वांत खालच्या षड्जाची) तार मध्यावर छेडली आणि मोबाईलवरच्या वर्णपट दाखवणाऱ्या ॲपमध्ये पाहिले, तर दुसरा, चौथा, आठवा असे सगळे ओळीने उभे होते. मी वर्गात चुकीचे शिकवते आहे का?

रानभोपळा

ताई, एवढा विचार करण्यासारखे यात काही नाही. तानपुऱ्याचा आवाज भोपळ्याचा असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा जाड सालीचा, नीट वाळलेला भोपळा आणि जुने तुणाचे लाकूड मिळाले की असा आवाज येतो. हल्लीच्या कोवळ्या भोपळ्यांना ती सर नाही. दोरा हे निमित्त आहे.

अर्धी मात्रा

भोपळ्याचा मान राखून असहमती नोंदवतो. भोपळा आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) मिळून तारेचे कंपन हवेपर्यंत पोहोचवतात. त्यात काही वारंवारता ठळक होतात आणि काही दबतात. परंतु तारेत जी वारंवारता मुळात नाही, ती भोपळा निर्माण करू शकत नाही. ताईंच्या प्रश्नातले सम उपस्वर तारेतच नसते, तर भोपळ्याने ते आणले असते कुठून?

शिवाय प्रवासात न्यायची चपटी तानपुरी पाहा. तिला भोपळा नसतो, खाली लाकडाची उथळ पेटी असते. आवाज बारीक येतो, त्याला भरीवपणा नसतो, पण जवारी लागली, म्हणजे दोरा नेमक्या जागी बसला, की ती झणकार तिच्यातही ऐकू येते. उलट मोठ्या भोपळ्याच्या तानपुऱ्यातून दोरा काढून टाका, म्हणजे भोपळा बिचारा तसाच राहतो आणि आवाज जातो. ताईंनी नेमके हेच पाहिले आहे.

सूतोवाच

ताई, वर्गात तुम्ही चुकीचे शिकवत नाही, पण तो नियम एका अटीवर उभा आहे आणि ती अट पाठ्यपुस्तकात बहुधा न सांगता गृहीत धरलेली असते. तारेची दोन्ही टोके पक्की, म्हणजे एकाच बिंदूशी घट्ट बांधलेली असली, तरच तो लागू पडतो. गिटारच्या घोडीची कड बारीक असते, सरोदच्या घोडीचीही तशीच, म्हणून तिथे तो बऱ्यापैकी पाळला जातो. तानपुऱ्याची घोडी मात्र दोन-अडीच बोटे रुंद आणि माथ्यावर अगदी किंचित उतरती घासलेली असते. तार तिच्यावर टेकलेली असते म्हणण्यापेक्षा तिला घसटून गेलेली असते.

आता एका कंपनात काय होते ते पाहा. तार खाली जाते तेव्हा घोडीच्या उतारावर ती थोडी थोडी निजत जाते आणि तिची मोकळी लांबी कमी होते. वर येते तेव्हा उतारावरून सुटत जाते आणि लांबी पुन्हा वाढते. तारेचे टोक अशा रीतीने दर कंपनात सरकत राहते. घोडी तारेला खालून अडवते, वरून कोणीच अडवत नाही. अशा एकतर्फी अडथळ्यामुळे वेगवेगळे उपस्वर एकमेकांपासून स्वतंत्र राहू शकत नाहीत. खालच्या उपस्वरांची ऊर्जा वरच्यांकडे वाटली जाते, आणि छेडताना जे उपस्वर शून्य होते तेही पुढच्या काही कंपनांत भरून निघतात.

हे निरीक्षण नवे नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला होता; त्या वेळी ते कलकत्त्यात होते आणि नोबेल पुरस्कार नऊ वर्षे दूर होता. तानपुरा आणि वीणा या वाद्यांत यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम, म्हणजे तुम्ही फळ्यावर सिद्ध करता तोच नियम, मोडतो असे त्यांनी त्यात दाखवले. छेडण्याच्या बिंदूवर निस्पंद असलेले उपस्वरही स्पष्ट ऐकू येतात, आणि याचे कारण घोडीच्या वक्र माथ्यात आहे, हे त्यांनी सांगितले. तबला आणि मृदंगाच्या शाईवरचे त्यांचे काम बऱ्याच जणांना ठाऊक असते. हा निबंध मात्र कायम त्याच्या सावलीत राहिला.

दोऱ्याचे काम इतकेच की तो तारेला मागच्या बाजूने तीळभर उचलून धरतो, त्यामुळे तिचा घोडीवर उतरण्याचा कोन बदलतो. दोरा नसेल तर तार माथ्यावर सपाट पडून राहते आणि तिची कंपने चिरडली जातात. दोरा फार पुढे आला तर तार घोडीवरून पूर्ण उचलली जाते आणि गिटारसारखी कोरडी वाजते. या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेला गवई लोक जवारी म्हणतात. सतारीला दोरा लागत नाही, कारण तिथे तो कोन घोडीच्या घडणीतच साधलेला असतो.

कोरा षड्ज

मनापासून आभार. ‘टोक सरकते’ हे वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तरी दोन शंका उरतात. पहिली अशी की घर्षणाने ऊर्जा कमी व्हायला हवी, मग जवारीची तार अधिक वेळ आणि अधिक तेजाने का वाजते? दुसरी म्हणजे छेडल्या क्षणी आवाज तितका झगमगीत नसतो, तो क्षणभराने उमलतो, आणि नंतर त्यातला चमकता भाग हळूहळू वरून खाली घसरत जाताना मला स्पष्ट ऐकू येतो. हा माझ्या कानांचा खेळ आहे का?

सूतोवाच

कानांचा खेळ नव्हे. हा उतरता पट्टा मोजता येतो आणि मोजला गेलेला आहे.

ऊर्जा कोठूनही जास्तीची येत नाही, फक्त तिची वाटणी बदलते. साध्या तारेत वरचे उपस्वर सुरुवातीलाच दुबळे असतात (एका बिंदूवर ओढून सोडलेल्या तारेत त्यांचा आयाम क्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे विसाव्याच्या वाट्याला चारशेवा भाग येतो) आणि ते विरतातही लवकर. जवारीच्या तारेत खालच्या उपस्वरांकडे साठलेली ऊर्जा घोडी दर कंपनात थोडी थोडी वरच्यांना देत राहते. पेटलेल्या चुलीत एकदम मोळी न टाकता एकेक काडी सरकवत राहावे, तसे हे आहे. कानाला वरच्या पट्ट्यातले स्वर अधिक बोचतात, म्हणून एकूण ऊर्जा तितकीच असूनही तार अधिक तेजस्वी वाटते. घोडीला घसटून काही ऊर्जा वाया जाते हे खरे, आणि म्हणूनच घोडीचा माथा काचेसारखा गुळगुळीत लागतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर तारेच्या ताठरपणात आहे. खरी तार आदर्श तारेसारखी पूर्ण लवचीक नसते, त्यामुळे तिच्यातून बारीक लहरी मोठ्या लहरींपेक्षा किंचित वेगाने धावतात आणि मुख्य लहर घोडीपाशी येण्याआधी त्या येऊन पोहोचतात. 1991 मध्ये व्हॅलेट आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी तानपुऱ्याच्या घोडीवर निबंध लिहिला, त्यात या आगाऊ लहरींनाच मध्यवर्ती स्थान आहे. त्यांनी घोडीची कल्पना दोन आधारबिंदूंची म्हणून केली, एक दोऱ्याचा आणि दुसरा माथ्याच्या पुढच्या भागाचा. या दोहोंतल्या अंतरावर उपस्वरांचा कोणता पट्टा उठून दिसेल ते ठरते. म्हणूनच गुरुजी दोरा केसभर सरकवतात आणि झणकार चढते किंवा उतरते. कंपन मंदावले की तार घोडीवर कमी निजते आणि तो पट्टाही खाली उतरत जातो. त्याआधी 1982 मध्ये बरिज, कॅप्राफ आणि मोर्शेदी यांनी सतारीच्या तारेचे गणित एकतर्फी अडथळा धरून मांडले होते. गणिताची आवड असेल तर तिथून सुरुवात करावी.

हे किती नाजूक आहे याचा एक अंदाज देतो. तार एक मीटर लांब धरली आणि ती मध्यावर तीन मिलिमीटर ओढली, तर टोकापाशी तिचा उतार पाचशेला तीन, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश अंश होतो. एवढ्याशा कोनाच्या आत घोडीने सगळे नाटक घडवायचे असते.

पिळलेली खुंटी

त्या एक तृतीयांश अंशाची किंमत मी मोजलेली आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या तानपुऱ्याच्या घोडीवर तारांनी खाचा पाडल्या होत्या आणि आवाज खरखरीत झाला होता. मिरजेला जायला सवड नव्हती, म्हणून इथल्याच एका दुरुस्ती करणाऱ्याकडे वाद्य दिले. त्याने खाचा जाईपर्यंत कानस फिरवली आणि माथा आरशासारखा चकचकीत, पण सपाट करून दिला. दिसायला घोडी नवीकोरी होती, परंतु दोरा कुठेही ठेवा, तार बोलायलाच तयार नव्हती. शेवटी वाद्य मिरजेला न्यावेच लागले.

तिथल्या कारागिराचे काम मी तीन तास शेजारी बसून पाहिले. ते कानशीचे दोन हात मारत, तार परत चढवत, छेडून कान लावत आणि पुन्हा उतरवत. घोडी हाडाची होती. पूर्वी सांबरशिंगाची असे. मापाला पट्टी नाही, कॅलिपर नाही. चारही तारांखालचा उतार वेगवेगळा असावा लागतो, कारण खर्जाची पितळी तार जाड आणि सैल असते, तिचा झोका मोठा असतो, तर जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन, पोलादी तारा बारीक आणि ताठ असतात. त्यांनी मला आधी विचारले, “जवारी खुली हवी की बंद?” खुली म्हणजे पुष्कळ झणझणीत, बंद म्हणजे गोल आणि दबती. मी मधली सांगितली. ते हसले आणि म्हणाले की सगळे मधलीच सांगतात.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. मात्र आमच्या नाशिकात घोडी घासणारा भरवशाचा हात आजही शोधावा लागतो, हेही या निमित्ताने नोंदवतो.

पारावरचा

नाशिकचे नाव निघालेच आहे, तर थोडे विषयांतर करतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपला रामनाम आधार आश्रम नाशिकलाच काढला, आणि त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा जन्म नाशिकचा, 1921 सालचा. रामन यांचा निबंध त्याच वर्षीचा निघाला, हे वाचून मौज वाटली. संबंध अर्थातच काही नाही.

विषयावर येतो. माझे वडील म्हणत की तानपुरा नीट लागला की त्यात गंधार आपोआप बोलतो, आणि तो बोलला नाही तर गायकाने तोंड उघडू नये. चार तारांत गंधाराची तार तर नसते. हा स्वयंभू गंधारही जवारीचाच प्रताप म्हणायचा का?

कोरा षड्ज

याचे उत्तर मी देऊ शकेन, कारण काल रात्री वहीत हेच आकडे मांडत बसले होते. काळी एकचा षड्ज 138.6 हर्ट्झ धरला, तर खर्ज 69.3 वर येतो. खर्जाचा पाचवा उपस्वर 346.5 हर्ट्झ, म्हणजे षड्जाच्या अडीचपट. हा तार सप्तकातला शुद्ध गंधार झाला. मंद्र पंचम 103.95 वर असतो. त्याचा तिसरा उपस्वर तार रिषभ देतो आणि पाचवा तार सप्तकातला शुद्ध निषाद. खर्जाचा सातवा उपस्वर नेहमीच्या कोमल निषादापेक्षा जरा उतरलेला असतो, तो मला अजून कानाने वेगळा काढता येत नाही, पण आलेखात दिसतो.

तेव्हा गंधार मुळात खर्जाच्या तारेत असतो, परंतु जवारी नसेल तर तो इतका क्षीण असतो की ऐकू येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जाता जाता हार्मोनियमविषयी. तिच्या समान अंतराच्या पट्ट्यांत त्याच ठिकाणचा गंधार 349.2 हर्ट्झवर येतो. दोहोंत 2.7 हर्ट्झचा फरक, म्हणजे सेकंदाला जवळपास तीन हेलकावे. पेटीवर गंधार धरून ठेवला की गुरुजी कपाळाला आठी का घालतात, ते मला आता आकड्यांत कळले.

रानभोपळा

भोपळ्याविषयीचे माझे विधान अर्धे मागे घेतो. अर्धेच, कारण भरीवपणा त्याचाच आहे, हे अर्धी मात्रा यांनीही मान्य केले आहे.

आता एक अडचण विचारतो. कार्यक्रमात मंचावर दिवे लागले की पंधरा-वीस मिनिटांत तानपुरा उतरतो, आणि त्यातही खर्ज आधी जातो, जोड बराच वेळ एकमेकांशी मिळून राहतो. असे का होत असावे?

सूतोवाच

तार तापली की लांबते आणि तिचा ताण घटतो. लाकडी दांडी तिच्या मानाने फारच कमी प्रसरण पावते. पोलाद एका अंशाला दर दहा लाख भागांमागे साधारण 12 भाग प्रसरण पावते, पितळ 19, आणि लाकूड रेषांच्या दिशेने सुमारे 4. एक मीटर लांबीची जोडाची पोलादी तार 138.6 हर्ट्झवर असताना ताणामुळे तिची लांबी मुळापेक्षा सुमारे 0.3 टक्का वाढलेली असते. तापमान पाच अंशांनी चढले, तर हिशेबाने तिची वारंवारता सुमारे दोन तृतीयांश टक्क्याने, म्हणजे जवळपास एक हर्ट्झने उतरते. जोडाच्या दोन्ही तारा एकाच धातूच्या आणि एकाच ताणाच्या असल्याने दोघी मिळून उतरतात, म्हणून त्यांच्यात तंटा ऐकू येत नाही. पितळी खर्ज मुळात सैल आणि प्रसरणही जास्त, त्यामुळे कागदावर तरी तो टक्केवारीत त्यांच्या तिपटीहून अधिक सरकतो. तुमचे निरीक्षण अचूक आहे. वाद्य निदान अर्धा तास आधी मंचावर नेऊन ठेवावे, एवढाच यावर उपाय आहे.

पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. हवा दमट झाली की तबली ओलावा धरून किंचित फुगते, घोडी उचलली जाते, आणि सुराबरोबर जवारीही बिघडते. तिथे मणी (तारेत ओवलेले, सूर बारीक मिळवण्याचे) सरकवून काम भागत नाही, दोराही पुन्हा लावावा लागतो.

अर्धी मात्रा

ताई, रामन यांचा मुद्दा घरी तपासायचा असेल तर नुसता दोरा काढून तुलना करू नका, कारण दोरा काढला तरी वक्र माथा तारेखाली राहतोच. अगरबत्तीची काडी घ्या, तिचा तुकडा तोडून घोडीच्या पुढच्या कडेवर तारेखाली आडवा सरकवा. मग तार एका बारीक आधारावर येईल आणि तुमचा फळ्यावरचा नियम तिला पाळावा लागेल. गंधार तपासायचा तर तार बरोबर एक पंचमांश अंतरावर छेडा, म्हणजे पाचवा उपस्वर गळायला हवा.

कोरा षड्ज

आज सकाळी प्रयोग केला. खर्जाची तार वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत 98 सेंटिमीटर भरली, म्हणून घोडीपासून 19.6 सेंटिमीटरवर दांडीला चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण केली. अगरबत्तीची काडी सरकवल्यावर स्वर जरासा चढला, तो मणी सरकवून परत जागेवर आणला. मुलाने नखाने खुणेवर तार छेडली. आलेखात चौथा होता, सहावा होता, आणि पाचव्याच्या जागी दात पडल्यासारखी फट होती. खुणेपासून दोन सेंटिमीटर सरकून छेडल्यावर पाचवा लगेच परत आला.

मग काडी काढली, दोरा लावला, गुरुजींनी दाखवल्याप्रमाणे तार उजळेपर्यंत तो सरकवला आणि पुन्हा त्याच खुणेवर छेडले. छेडल्या क्षणी पाचवा जवळपास नव्हताच. सेकंदाचा लहानसा भाग गेला आणि तो वर येऊ लागला, मग आजूबाजूच्या उपस्वरांच्या बरोबरीला पोहोचला. मुलगा आलेखाकडे पाहत नव्हता. तो डोळे मिटून म्हणाला, “आई, आला गंधार.”

दोऱ्याची ही जागा हरवू नये, म्हणून मी घोडीच्या कडेला शिसपेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली होती. संध्याकाळी पाऊस झाला. गुरुजी आले, त्यांनी तार छेडली, ओठ मुडपले, दोरा रेघेच्या अर्धा मिलिमीटर मागे घेतला आणि अंगठ्याने माझी रेघ पुसून टाकली.